नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण, मुंबईत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात एमए, एमकॉम, एमएस्सी, एलएलबी किंवा पीएचडी करणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची उत्तरं दोन ठिकाणी येऊ नयेत म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. प्रवेश अजून घेतला नसेल तर निदान प्रश्न २ वाचल्याशिवाय फी भरू नका.

१. रेग्युलर, डिस्टन्स आणि पार्टटाइम यांत नेमका फरक काय?

रेग्युलर म्हणजे कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात रोज लेक्चरला बसणं. हजेरी ७५ टक्के लागते आणि इंटर्नलचे गुण वर्षभरात वर्गातच मिळवावे लागतात. डिस्टन्समध्ये अभ्याससाहित्य मिळतं, शनिवार-रविवारी थोडी संपर्क-व्याख्यानं होतात, असाइनमेंट द्यायच्या आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. मुंबई विद्यापीठाची दूरस्थ शिक्षणाची संस्था कालिन्याला आहे. तिचं आजचं नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असलं तरी लोक अजून 'आयडॉल'च म्हणतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दुसरे दोन नेहमीचे पर्याय.

पार्टटाइम हा शब्द मात्र सैल वापरला जातो. नोकरदारांसाठी मुद्दाम आखलेले संध्याकाळचे अभ्यासक्रम फार थोडे आहेत. व्यवस्थापनातले तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम हे त्यातले सर्वांत परिचित, चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत चालतात तसे. तिथे कामाचा अनुभव ही प्रवेशाची अट असते. 'सकाळचं कॉलेज' म्हणजे पार्टटाइम नव्हे. ते रेग्युलरच, फक्त वेळ सकाळची.

२. माझी नोकरी दहा ते सात आहे. रेग्युलर एमए झेपेल का?

बहुतेकांना झेपत नाही. त्याचं कारण हुशारी किंवा चिकाटी नाही, तासांचा हिशेब आहे. तो एकदा कागदावर मांडू.

आठवड्याचे तास १६८. ऑफिसचे रोज ९ धरले तर पाच दिवसांचे ४५. प्रवास जाऊन-येऊन रोज ३ तास, म्हणजे १५. डोंबिवली, विरार किंवा पनवेलकडून येणाऱ्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. झोप रोज ७, म्हणजे ४९. आंघोळ, जेवण, भाजी आणणं, कपडे, घरचं बोलणं-चालणं यांना रोज ३ तास, म्हणजे २१. एकूण १३० झाले. उरले ३८.

आता दुसरी बाजू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची, म्हणजे एका सेमिस्टरला २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणी. २२ गुणिले १५ म्हणजे ३३० तास, आणि सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २२ तास नुसते वर्गात. ३८ मधून २२ गेले की १६ उरतात आणि त्यात वाचन, असाइनमेंट, आजारपण, पाहुणे, लग्नकार्यं सगळं आलं. शिवाय ते २२ तास तुमच्या सोयीने रात्री येत नाहीत. लेक्चर दुपारी दोनला असेल तर तुम्ही ऑफिसात असता. खरी गाठ इथेच बसते. आठवड्यात तास उरतात, पण ते चुकीच्या जागी उरतात.

डिस्टन्समध्ये याच ३८ मधले १४ ते १६ तास अभ्यासाला नेमाने मिळाले तरी पदवी चांगल्या गुणांनी होते. रेग्युलरच करायचं असेल तर नोकरीत बदल हवा: सकाळची किंवा रात्रीची शिफ्ट, अर्धवेळ काम, किंवा घराजवळचं काम. प्रवासाचे १५ तास ५ वर आले की गणित पार बदलतं. म्हणून तुमचे स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करा आणि मग प्रवेशाचा प्रकार ठरवा. उलट क्रमाने ठरवणारे लोक पहिल्या सेमिस्टरच्या हजेरीतच अडकतात.

३. हजेरी कमी पडली तर कॉलेज सांभाळून घेतं ना?

या भरवशावर प्रवेश घेऊ नका. आजारपण, अपघात, विद्यापीठाच्या वतीने खेळ किंवा स्पर्धा अशा कारणांसाठी कागदपत्रं पाहून सवलत मिळू शकते. नोकरी हे कारण सहसा धरलं जात नाही. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही आणि सेमिस्टर फुकट जातं. 'आमच्याकडे कोणी विचारत नाही' असं सांगून प्रवेश देणारं कॉलेज भेटलं तरी इंटर्नल चुकत नाहीत. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

४. डिस्टन्सची डिग्री नोकरीत किंवा नेट-सेटला चालते का?

चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेतून घेतलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी रेग्युलर पदवीशी समकक्ष धरली जाते, असं आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण मान्यता त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः तपासा. एजंटच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. कायदा, इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येत नाहीत. पीएचडीही नाही.

५. प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांत लोक कुठे अडतात?

तीन ठिकाणी. पहिलं, एबीसी क्रमांक, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' खात्याचा क्रमांक. हा १२ आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा असतो, आणि आधारवरचं नाव व मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, किंवा लग्नानंतर बदललेलं नाव, ही नेहमीची उदाहरणं. आधार दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून हे काम प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी उरका. दुसरं, दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी क्रमांक वेगळा लागतो. तो एबीसी क्रमांकाच्या आधाराने निघतो. तिसरं, पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेची प्रक्रिया. नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरकडून नोकरीसाठी मुंबईत आलेल्यांनी गावी जाल तेव्हाच स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज टाकून यावा. त्यासाठी पुन्हा रजा काढून जाणं महागात पडतं.

६. ऑफिसमध्ये सांगावं का? साहेबांना वाटेल, हा आता सोडून जाणार.

सांगावं, आणि लेखी सांगावं. न सांगता केलेलं शिक्षण परीक्षेच्या आठवड्यात उघडं पडतंच, आणि तेव्हा चार दिवसांची रजा मागणं फार अवघड होतं. ईमेल चार ओळींचा पुरे: कोणता अभ्यासक्रम, किती वर्षांचा, वर्ग कधी, आणि परीक्षा साधारण कोणत्या महिन्यांत. 'कामावर परिणाम होऊ देणार नाही' असली वाक्यं लिहू नका, त्याने शंकाच वाढते. त्यापेक्षा परीक्षेच्या दिवसांत तुमचं काम कोण पाहील, त्याचं नाव सुचवा. पाठवण्याआधी नेमणूकपत्र वाचा. काही नेमणूकपत्रांत शिक्षण किंवा इतर काम घेण्यापूर्वी परवानगी घेण्याचं कलम असतं.

सरकारी, निमसरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांनी मात्र प्रवेशाआधी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावीच. परवानगीशिवाय घेतलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवताना अडचण येते.

७. परीक्षेसाठी रजा मिळणं हा माझा हक्क आहे का?

खासगी नोकरीत 'परीक्षा रजा' नावाची कायदेशीर रजा नाही. पण महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, म्हणजे २० किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही संख्या १० होती), तिथे वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. नैमित्तिक रजा तिमाहीला थोडीथोडी जमा होते आणि वर्षाअखेर संपते. भरपगारी रजा साठवता येते, ४५ दिवसांपर्यंत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की सीएल (नैमित्तिक) किरकोळ कामांना वापरा आणि पीएल (भरपगारी) परीक्षेसाठी राखा. दोन पेपरांच्या मध्ये एक दिवस सुट्टी असेल तर त्या मधल्या दिवसाचीही रजा टाका. वेळापत्रक बरेचदा उशिरा लागतं. म्हणून 'अमुक महिन्याच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस, तारखा नंतर कळवतो' असं आधीच कळवून ठेवा. गणपती आणि दिवाळीत सगळ्यांनाच रजा हवी असते. तेव्हा तुम्ही थांबलात तर परीक्षेच्या वेळी मागायला तोंड राहतं.

८. लोकलमध्ये अभ्यास होतो का?

वाचन होतं, लेखन होत नाही. हा फरक न केल्यामुळे 'रोज तीन तास प्रवासात अभ्यास करीन' हा बेत कोसळतो.

उभ्याने प्रवास असेल तर एक हात कडीला, दुसऱ्यात फोन. पाठीवरची बॅग पोटाशी घेतलेली, वर कोणाचा तरी कोपर. या अवस्थेत ए-फोर आकाराच्या पीडीएफची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत आणि पान सरकवण्यापुरताच अंगठा मोकळा असतो. इथे कान वापरा. आदल्या रात्री स्वतःच्या आवाजात दहा-दहा मिनिटांच्या व्याख्या, कलमं, सूत्रं रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, पण लक्षात चांगलं राहतं. सगळं आधी डाउनलोड करून ठेवा. मुंब्र्याच्या बोगद्यात किंवा भूमिगत मेट्रोत नेटवर्कवर अवलंबून राहता येत नाही.

बसायला मिळत असेल, मग ती चौथी सीट का असेना, तर छापील कागद वाचा. झेरॉक्स ए-फोरच्या अर्ध्या आकारात काढून मध्ये दुमडली तर शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. घाईच्या वेळी जागा हवी असेल तर स्लो गाडी घ्या. फास्टपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात, पण बसून वाचलेला तास उभ्याने वाचवलेल्या वीस मिनिटांपेक्षा मोलाचा आहे. परतीच्या गाडीत मेंदू शिणलेला असतो. तेव्हा नवीन प्रकरण उघडू नका, सकाळचंच पुन्हा चाळा.

९. घरी एकच खोली आहे आणि टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असतो. अभ्यास कुठे करू?

घराबाहेर. यात घरच्यांशी भांडण्यासारखं काही नाही. एका खोलीत पाच माणसांनी गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

वस्त्यांमध्ये अभ्यासिका असतात: काही महापालिकेच्या, काही नगरसेवक किंवा मंडळांनी सुरू केलेल्या, काही महिन्याची फी घेणाऱ्या खासगी. पाहायला जाल तेव्हा संध्याकाळी आठ वाजता जा, दुपारी नको. कारण तुम्ही तिथे आठलाच जाणार. बंद व्हायची वेळ, प्लगची सोय, स्वच्छतागृह आणि रात्री परतायचा रस्ता, एवढं पाहा. एसी नसला तरी चालेल, पंखा डोक्यावर हवा.

ग्रंथालयं वेगळ्या कामाची. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. मराठी साहित्य आणि महाराष्ट्राचा इतिहास या विषयांत प्रबंध असेल तर तिथे जायलाच हवं. फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालय, कालिना संकुलात विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. फोर्टात नोकरी असलेल्यांचं भाग्य असं की यातली दोन चालत्या अंतरावर आहेत. मात्र सदस्यत्व घेण्याआधी तुमची ऑफिस सुटण्याची वेळ आणि त्यांची बंद होण्याची वेळ ताडून पाहा. अनेकांचं सदस्यत्व फक्त शनिवारपुरतं उरतं.

जर्नलसाठी ग्रंथालयात जायची गरज कमी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. घरून लॉगिन कसं करायचं हे तुमच्या ग्रंथपालांना विचारा. पीएचडीचे जुने प्रबंध शोधगंगावर मोफत वाचता येतात.

१०. ऑफिसनंतर सहा ते नऊ लेक्चर असतं. खाण्याचं काय?

दुपारी एकला जेवलेला माणूस रात्री साडेदहाला घरी पोहोचतो, म्हणजे मध्ये साडेनऊ तास. रोज वडापाव आणि कटिंगवर हे तीन महिने निभतं, मग पित्त उसळतं. दुसरा छोटा डबा न्या, आणि तो कोरडा असू द्या. सकाळी सातला भरलेली रस्सा भाजी किंवा डाळ मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबते. थालीपीठ, दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी लावून गुंडाळलेली चपाती टिकते. चपाती पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर झाकणाला पाणी सुटतं आणि चपाती चिकट होते. कांदा-खोबरं घातलेलं काही नको. सोबत मूठभर शेंगदाणे आणि गूळ. वेळ साडेपाचची ठेवा, लेक्चर सुरू होण्याआधी. लेक्चरनंतर खायचं ठेवलं तर शेवटचा तास कानावरून जातो.

११. संपर्क-व्याख्यानं आणि बरेच कार्यक्रम रविवारी असतात. मेगाब्लॉकचं काय करायचं?

शनिवारी दुपारपर्यंत ब्लॉकची बातमी येते, ती बघायची सवय लावा. मध्य रेल्वेचे ब्लॉक साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतात: मुख्य मार्गावर बहुधा माटुंगा-मुलुंड पट्ट्यात, हार्बरवर कुर्ला-वाशी किंवा सीएसएमटीच्या बाजूला. कालिन्याला पोहोचायचे दोन रस्ते लक्षात ठेवा, कुर्ल्याहून आणि सांताक्रूझहून. हार्बरवर ब्लॉक असला तर पनवेल-वाशीच्या लोकांनी ठाण्याला ट्रान्सहार्बरने येऊन मध्य रेल्वे पकडावी. तिथेही ब्लॉक असेल तर बस, आणि मग एक तास आधी निघा. फोर्टात जायचं असेल तर भुयारी मेट्रो ३ ब्लॉकमधून सुटका करते. हुतात्मा चौक स्थानक विद्यापीठाच्या जुन्या इमारतीजवळच आहे.

पावसाळ्यात हाच नियम सबमिशनला लावा. जुलै-ऑगस्टमध्ये कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं की दिवस गेला. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीची तारीख स्वतःसाठी शेवटची माना. जर्नल आणि प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत. 'वॉटरप्रूफ' बॅगेची चेन वॉटरप्रूफ नसते.

१२. इंटर्नल बुडाली, किंवा परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चुकली. आता?

फॉर्मचं आधी. मुदतीनंतर विलंब शुल्कासह काही दिवस मिळतात. ते सुरू असतील तर आजच भरा, उद्या नको. तेही संपले असतील तर सहसा पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं. तारखा चुकतात त्या आळसामुळे कमी आणि परिपत्रक न पाहिल्यामुळे जास्त. दर सोमवारी आणि गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं संकेतस्थळ उघडायचं ठरवून टाका. ग्रुपवर कोणीतरी टाकेल या आशेवर राहू नका, ग्रुपवर जुनी परिपत्रकंही फिरतात.

इंटर्नल हा जास्त गंभीर मामला आहे. पदव्युत्तरच्या चार क्रेडिटच्या पेपरात १०० पैकी ५० गुण इंटर्नलचे असतात आणि दोन्ही भागांत स्वतंत्र पास व्हावं लागतं. लेखी परीक्षेत कितीही मिळाले तरी इंटर्नल राहिली तर केटी लागते. बुडण्याचं कारण टळणारं नसेल, उदाहरणार्थ ऑफिसचा दौरा, तर आधी शिक्षकांना भेटा आणि दौऱ्याचं पत्र जोडून अर्ज द्या. परीक्षेनंतर सांगितलेलं कारण ऐकणाऱ्याला सबब वाटते.

१३. दुसऱ्या सेमिस्टरचं ऑन जॉब ट्रेनिंग माझ्याच ऑफिसात करता येईल का?

काम विषयाशी जोडलेलं असेल तर विभागप्रमुखांना विचारून पाहण्यासारखं आहे. हे चार क्रेडिटचं असतं, म्हणजे सुमारे १२० तास. मान्यता काम सुरू करण्याआधी लेखी घ्या. एमकॉम करणारा लेखा विभागात असेल तर जुळतं, एमए इतिहास करणारा कॉल सेंटरमध्ये असेल तर जुळणार नाही. त्याला संग्रहालय, ग्रंथालय किंवा दफ्तरखाना शोधावा लागेल, आणि १२० तास म्हणजे रोज तीन तासांचे चाळीस दिवस, हे धरून रजा बेतावी लागेल.

१४. प्रकल्पात किंवा प्रबंधात ऑफिसची माहिती वापरू का?

लेखी परवानगीशिवाय एक आकडाही नको. तुम्ही रोज हाताळता म्हणून ती माहिती तुमची होत नाही. ग्राहकांचा, रुग्णांचा किंवा पगाराचा तपशील तर परवानगी असली तरी नावं आणि ओळख काढूनच वापरा. पीएचडीचा प्रबंध पुढे शोधगंगावर जगजाहीर होतो, हे परवानगी मागताना ऑफिसला सांगा, लपवू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रबंध लिहू नका. नोकरी सोडलीत तर लॅपटॉप परत जातो आणि पेन ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी बंद असतो.

१५. नोकरी करून पीएचडी करता येते का? एनओसीत काय लिहून घ्यायचं?

येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला स्पष्ट जागा आहे. ना हरकत प्रमाणपत्रात तीन गोष्टी हव्यातच: उमेदवाराला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे, त्याचं काम त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ देतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. एचआर बहुधा 'आमची हरकत नाही' एवढंच एका ओळीत लिहून देतं आणि ते पत्र परत येतं. म्हणून मसुदा स्वतः तयार करून न्या. तिसरं वाक्य घालायला ऑफिस सर्वांत जास्त कचरतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के लागतात, हे सांगितलं की किती दिवसांचा प्रश्न आहे ते त्यांना कळतं.

कालावधी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर पुनर्नोंदणीने दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. घर, मूल आणि नोकरी तिन्ही सांभाळणाऱ्या अनेक जणी या सवलतींचा अर्जच करत नाहीत. तो करावा. दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सादर करावी लागते, तेवढ्या दोन रजा वर्षाच्या हिशेबात धरा.

गाईड निवडताना त्यांच्याकडे जागा आहे का ते आधी विचारा. प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा, सहायक प्राध्यापकांना चार विद्यार्थी घेता येतात. आणि ते संध्याकाळी किंवा शनिवारी भेटतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा. दुपारी तीनलाच भेटणारे गाईड कितीही नामवंत असले तरी नोकरदाराला उपयोगाचे नाहीत.

१६. जेआरएफ मिळाली आहे. नोकरी किंवा क्लासेस चालू ठेवू का?

नाही. जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. ही पूर्णवेळ संशोधनाची शिष्यवृत्ती आहे. दुसरीकडून पगार घेत असल्याचं आढळलं तर शिष्यवृत्ती बंद होते आणि घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींच्या अटीही सही करण्याआधी नीट वाचा. आणि राजीनामा देण्याआधी दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा. पहिला हप्ता हातात पडायला वेळ लागतो, घरभाडं मात्र एक तारखेलाच असतं.

१७. सकाळचं एलएलबी करून दहाला ऑफिस गाठणं पूर्वी चालायचं. आता?

आता जपून. वकील परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून विद्यार्थी नोकरी करतो का याचं घोषणापत्र, मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र आणि बायोमेट्रिक हजेरी यांवर भर दिला आहे. नोकरी लपवून केलेली पदवी सनद घेताना अडचणीत येऊ शकते. जे आहे ते कॉलेजला प्रवेशावेळीच सांगा आणि एनओसी फाइलला लावा.

१८. एकाच वेळी दोन पदव्या चालतात का?

२०२२ पासून चालतात: दोन्ही रेग्युलर असतील तर वर्गाच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक रेग्युलर आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ हेही चालतं. पीएचडीला हे लागू नाही. पण परीक्षा एकाच दिवशी आल्या तर कोणतंही विद्यापीठ तुमच्यासाठी तारीख बदलत नाही. नोकरी असताना दुसरी पदवी घेऊच नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. प्रश्न २ मधल्या ३८ तासांत ती बसत नाही.

१९. विद्यार्थी म्हणून लोकलच्या पासात सवलत मिळेल का?

रेग्युलर विद्यार्थ्याला घर ते कॉलेज या स्थानकांमधल्या पासावर मिळते. सर्वसाधारण गटात वयोमर्यादा २५ वर्षं, इतर काही गटांना अधिक. ऑफिस कॉलेजच्या पुढच्या स्थानकावर असेल तर तिथपर्यंतचं तिकीट वेगळं काढा. टीसीने पकडलं तर सवलतीचा पास दाखवून सुटका होत नाही.

२०. शैक्षणिक कर्ज मीच फेडतोय. करात काही सुटतं का?

व्याजावर सुटतं, मुद्दलावर नाही. ८०ई म्हणून ओळखली जाणारी ही वजावट परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. पण ती फक्त जुन्या करपद्धतीत आहे. ऑफिसला वर्षाच्या सुरुवातीला करपद्धत कळवताना हे पाहून घ्या. मित्राकडून किंवा नातेवाइकाकडून घेतलेल्या कर्जाला ती लागू नाही.

२१. एक वर्ष झालं, आता खरंच झेपत नाही. सगळं वाया जाणार का?

नाही. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट पूर्ण असतील तर नव्या धोरणात पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेली क्रेडिट एबीसी खात्यात जमा राहतात आणि ती सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरता येतात. सोडण्याआधी मात्र कॉलेजला लेखी कळवा, पदविकेचा अर्ज करा, एबीसी खात्यात क्रेडिट दिसतात का ते तपासा आणि मूळ कागदपत्रं परत घ्या. नुसतं जायचं बंद केलं तर पुढे कुठेही प्रवेश घेताना हेच कागद शोधत फिरावं लागतं.

झेपत नाही म्हणजे नेमकं काय, हेही बघा. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडतं, असं पंधरा दिवसांहून अधिक चाललं असेल तर अभ्यासक्रमाचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

२२. मधेच पुण्याला बदली झाली तर?

डिस्टन्स असेल तर परीक्षा केंद्र बदलता येतं का ते फॉर्म भरतानाच पाहा. एकदा हॉल तिकीट निघालं की बदल अवघड. रेग्युलर असेल तर एबीसीमुळे क्रेडिट सोबत नेता येतात, पण नवं विद्यापीठ जागा असेल तरच घेतं आणि विषयांची जुळणी तेच ठरवतं. बदलीचा आदेश हातात आला त्याच आठवड्यात दोन्ही विद्यापीठांना विचारा. चालू सेमिस्टर संपायला महिना-दीड महिना उरला असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागा. ऑफिसं नाही म्हणतात त्यापेक्षा हो जास्त वेळा म्हणतात, विशेषतः प्रश्न ६ मधला ईमेल तुम्ही वेळेवर पाठवलेला असेल तर.